कोर्स ठरवण्याआधी शिष्यवृत्तीचा हिशोब मांडा

औंढा नागनाथ आणि आसपासच्या गावांत बारावीचा निकाल लागला की घरात पहिल्यांदा चर्चा होते ती पैशाची. यंदा सोयाबीनची पट्टी किती आली, हळदीला काय भाव मिळाला, उधारी किती बाकी आहे, हे पाहून वडील मनात एक आकडा धरतात आणि त्या आकड्यात बसेल तो कोर्स लेकराच्या वाट्याला येतो. बहुतेक वेळा तो जवळचा, कमी फीचा आणि एसटीच्या पासावर होणारा असतो. त्या कोर्समध्ये वाईट काही नाही. पण ज्या मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं ती केवळ आकड्यामुळे तिथं जाते, तेव्हा मन अस्वस्थ होतं. कारण पुष्कळदा तो आकडाच चुकीचा असतो. त्यात शिष्यवृत्ती धरलेलीच नसते.

आपल्याकडं शिष्यवृत्तीची आठवण प्रवेश झाल्यावर येते. कॉलेजच्या फलकावर सूचना लागते, मग धावपळ सुरू होते आणि जे हाती लागेल ते 'मिळालं' म्हणून समाधान मानलं जातं. हा क्रम उलटा करा, हेच या लेखातलं मुख्य सांगणं आहे. कोणता कोर्स, कोणतं गाव, कोणतं कॉलेज हे ठरवायला बसाल, तेव्हाच आपल्या लेकराला कोणत्या योजनेतून काय मिळू शकतं ते कागदावर लिहा. मग घरातून किती घालावे लागतील तो आकडा काढा. स्वप्न परवडतं की नाही, हे त्यानंतर ठरेल.

समजा, जवळा बाजारजवळच्या एका गावातली ओबीसी प्रवर्गातली मुलगी आहे. वडिलांची चार एकर कोरडवाहू, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. तिला सीईटीत चांगले गुण पडले आणि नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीला जायचं आहे. घरात फीचा आकडा ऐकूनच विषय बंद होतो. पण 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट एकच, पण मोलाची: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. राहिला राहण्या-जेवणाचा खर्च. त्यासाठी मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह आहे. तिथं जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ज्यात गुणवत्तेनुसार निवड होऊन रक्कम थेट खात्यावर येते. हे सगळं मांडल्यावर वडिलांच्या मनातला आकडा निम्म्याहून खाली येतो. पुस्तकं, प्रवास, लॅपटॉप, विकास शुल्क हे खर्च उरतातच. पण ते पेलण्यासारखे असतात.

कॅपची अट पुन्हा सांगतो, कारण इथं फार मोठं नुकसान होतं. व्यवस्थापन कोट्यातून किंवा थेट संस्थेत जाऊन घेतलेल्या प्रवेशाला राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत. खासगी विद्यापीठांचंही तेच. जून-जुलैत गावोगावी एजंट फिरतात, 'सीट पक्की करून देतो, स्कॉलरशिप आम्ही बघू' म्हणतात. त्यांच्या बोलण्यावर जाऊन कॅपची फेरी सोडू नका. पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज मिळालं नाही तरी पुढच्या फेऱ्यांची वाट बघा.

शिष्यवृत्तीनं आयुष्य कसं वळतं याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या माहितीचंच आहे, पण त्यातला एक भाग आपण वाचून पुढं जातो. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते तेव्हा केळुस्कर गुरुजींच्या प्रयत्नानं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्याच दरबारानं दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, अभ्यास सुरू झाला आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून तो अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुढं सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत, या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पूर्ण केलं. इतक्या मोठ्या बुद्धिमत्तेचा माणूससुद्धा पैसे थांबले तेव्हा थांबला. म्हणून शिष्यवृत्ती घेताना ती किती वर्षांची आहे, दरवर्षी काय अटीवर चालू राहते आणि कोर्स तिच्याहून लांब असेल तर शेवटच्या वर्षाचं काय, हे पहिल्याच दिवशी बघायचं असतं.

पुढं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीचा आग्रह धरला. आज आपण जिला 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतो ती मॅट्रिकोत्तर योजना 1944 पासून चालत आलेली आहे. औंढ्याच्या कॉलेजात अकरावीला बसलेल्या मुलाच्या खात्यावर येणारी रक्कम त्याच ओळीतली आहे.

रक्कम लहान असते, त्यात काय होतं, असं पुष्कळ पालक म्हणतात. डॉ. रघुनाथ माशेलकर अकरावी मॅट्रिकला राज्यात अकरावे आले तरी घरच्या गरिबीमुळे पुढचं शिक्षण सोडायच्या बेतात होते. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना 60 रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि ती सहा वर्षं चालली. साठ रुपयांनी घर श्रीमंत झालं नसेल, पण मुलानं कमवायला लागावं ही निकड सहा वर्षं टळली. आपल्याकडं हेच बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणी आणि शिजवणीचं काम जोरात असतं, नेमक्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि हजार रुपयांसाठी मूल चार दिवस रोजानं जातं. दरमहा हजार रुपये खात्यावर येत असतील तर ते चार दिवस अभ्यासाला मिळतात. शिष्यवृत्तीचा मोठा उपयोग हा असा वेळेचा आहे.

महिना हजाराची ही गोष्ट हवेतली नाही. आठवीत असलेल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000, चार वर्षांचे 48,000 रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50), आणि शाळा जिल्हा परिषदेची, नगरपंचायतीची, शासकीय किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या, नवोदयच्या आणि शासनाच्या निवासी शाळांतल्या मुलांना ती नाही. त्यामुळं ही परीक्षा म्हणजे खेड्यातल्या झेडपी शाळेच्या मुलांचं हक्काचं मैदान आहे. पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्नांचे. एक बौद्धिक क्षमता चाचणीचा, दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, ज्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20 प्रश्न असतात. बौद्धिकच्या पेपराला मुलं घाबरतात, कारण तसे प्रश्न वर्गात येत नाहीत: मालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, वेन आकृती. पण सरावानं सगळ्यांत लवकर सुधारतो तोच पेपर. जुलैपासून रोज अर्धा तास, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या तर डिसेंबरपर्यंत लेकरू तयार होतं. गुरुजी-बाईंनी शाळेतल्या पात्र मुलांची यादी काढून सगळ्यांचे अर्ज भरावेत, दोन-तीन हुशार म्हणून निवडू नयेत. ज्याच्यावर कुणाची नजर नाही असं मूल अशा परीक्षेत वर येताना दिसतं. मराठा-कुणबी समाजातलं मूल पात्र होऊनही यादीत आलं नाही तर 'सारथी'ची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 9,600 रुपयांची. तिच्यासाठी शाळेनं वेगळा अर्ज करायचा असतो आणि तोच राहून जातो.

एनएमएमएस मिळाल्यावर नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात पास व्हावं लागतं, दहावीला 60 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 55). दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. अकरावीला मूल दुसऱ्या कॉलेजात जातं, जुन्या शाळेला वाटतं आता ते बघतील, नव्या कॉलेजला या मुलाला शिष्यवृत्ती आहे हेच ठाऊक नसतं, आणि दोन वर्षांचे 24,000 हातचे जातात. प्रवेशाच्या दिवशीच क्लार्कला सांगा.

आता कागदपत्रं. खरं सांगायचं तर आपल्या तालुक्यात शिष्यवृत्ती गुणांपेक्षा कागदांपायी जास्त हुकते.

जातीचा दाखला बहुतेकांकडं असतो. अडतं ते जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच. समितीपुढं जुना पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. मराठवाड्याची अडचण इथं वेगळी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर उर्दूत असतं, कुठं जुनं दप्तर मोडीत असतं, आणि कित्येकांचे आजोबा शाळेतच गेलेले नसतात. अशा वेळी हात टेकू नका. पणजोबा, चुलत आजोबा, आजोबांचे भाऊ यांपैकी कुणी शाळेत गेलं असेल तर त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रक बघा, गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर बघा. उर्दू नोंदीचं अधिकृत भाषांतर करून घ्या. काका, आत्या किंवा सख्खे चुलत भावंड यांच्यापैकी वडिलांकडच्या कुणाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत हा फार वजनदार पुरावा ठरतो, म्हणून भाऊबंदकीचा अबोला बाजूला ठेवून ती मागून आणा. वंशावळ नीट लिहा आणि त्यातलं प्रत्येक नाव कागदांशी जुळतं का ते तपासा. हे काम महिने खातं. म्हणून अकरावी विज्ञानला प्रवेश घेतला की त्याच वर्षी कॉलेजमार्फत अर्ज टाका, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, तोही एप्रिल-मेमध्ये काढून ठेवा. 31 मार्चला जुन्याची मुदत संपते आणि जूनमध्ये सेतूवर अख्ख्या तालुक्याची गर्दी होते. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन क्रिमिलेयर लागतं, त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून एका खेपेत दोन्ही अर्ज करा. मार्कमेमोवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. कुठं 'ज्ञानेश्वर', कुठं 'ज्ञानोबा', कुठं वडिलांचं नावच गायब, असं असेल तर दहावीचा मार्कमेमो आधार धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्या, शक्यतो दहावीच्या सुट्टीतच.

बँकेचं प्रकरण तर डोळ्यांत तेल घालून बघावं असं आहे. सरकारी पैसा तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर येईलच असं नाही. आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं गेलं त्या खात्यावर तो जातो. मुलानं मध्यंतरी मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, किंवा आईनं गटाच्या कर्जासाठी दुसरीकडं उघडून दिलेलं असतं, आणि पैसे तिकडं जाऊन पडतात. घरचे मात्र 'आले नाहीत' म्हणत समाज कल्याण कार्यालयाच्या चकरा मारतात. बँकेत जाऊन आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते विचारा आणि अर्ज भरण्याआधी हव्या त्या खात्याला जोडून घ्या.

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरून प्रिंट काढली म्हणजे काम संपलं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग जिल्हा कार्यालयाला जातो. काही त्रुटी निघाली तर तो परत पाठवला जातो आणि तुम्ही तो दुरुस्त करेपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून स्थिती बघा. मोबाईल नंबर घरचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याकडं राहिले की पुढच्या वर्षी नूतनीकरणाला त्याच्याच दारात जावं लागतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फी असते आणि तुमचा निर्वाह भत्ताही असतो. वसतिगृहात राहून पदवीचा व्यावसायिक कोर्स करणाऱ्याला वर्षाला 13,500 आणि घरून जाणाऱ्याला 7,000 असा भत्त्याचा दर आहे. खात्यावर मोठी रक्कम दिसली म्हणून ती बी-बियाण्यात किंवा सोयरिकीत खर्चू नका. फीचा भाग कॉलेजात लगेच भरून पावती घ्या, नाहीतर मार्कमेमो अडतो आणि पुढच्या वर्षाचा अर्जही. वसतिगृहाला नंबर न लागलेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. रक्कम शहरानुसार बदलते, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला 60,000 पर्यंत. आदिवासी मुलांसाठी, आपल्याकडं मुख्यतः आंध समाजाच्या, याच धर्तीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे आणि तिचं कार्यालय लांब नाही, कळमनुरीचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय.

एका योजनेकडं मात्र आपल्या भागात कुणी बघतच नाही. गावातले कित्येक आई-बाप दिवाळीनंतर पुण्या-मुंबईकडं बांधकामावर जातात. वर्षात 90 दिवस असं काम केलेल्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी होते आणि नोंदणी जिवंत असेल तर त्याच्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते. अकरावी-बारावीला वर्षाला 10,000, पदवीला 20,000, अभियांत्रिकीला 60,000, वैद्यकीयला 1 लाख. 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून घ्यावा लागतो आणि नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ज्या घराला याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकं तेच घर सहा महिने गावाबाहेर असतं. म्हणून शिक्षकांनी आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनी हे त्यांच्यापर्यंत पोचवलं पाहिजे.

दहावीनंतर पदविकेला जाणाऱ्या मुलींनी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती नक्की बघावी, वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनाची फी मुळातच कमी, त्यात हे पैसे म्हणजे राहणं-जेवणं सुटतं. मात्र ही घेताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही, त्यामुळं दोन्हींचा हिशोब मांडून जी जास्त फायद्याची ती घ्या. 'महाज्योती' ओबीसी, भटके-विमुक्त मुलांना दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीच्या ऑनलाइन तयारीसाठी टॅब देते. लातूरच्या क्लासला जमीन गहाण टाकून जाण्याआधी तिथं अर्ज करून बघा. पदवीच्या पहिल्या वर्षाला रिलायन्स फाउंडेशनची दोन लाखांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते आणि अर्ज करायला पैसे लागत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी 'प्रोसेसिंग फी' मागणारा कुणीही असो, त्याला उभं करू नका.

स्वप्नाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. आपल्याकडं मुलांना विचारलं तर पोलीस भरती, तलाठी, डॉक्टर ही तीन-चारच उत्तरं येतात, कारण तेवढंच डोळ्यांसमोर दिसतं. पण आता औंढ्याच्या शिवारात, दुधाळ्याजवळ, लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या. केंद्र सरकारनं 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. अशा वेधशाळेत भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट लागतात, तसे निर्वात तंत्राचे, वेल्डिंगचे, इलेक्ट्रॉनिक्सचे, संगणकाचे कुशल लोकही लागतात. या प्रकल्पातली एक संस्था म्हणजे पुण्याची आयुका. तिचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर 1957 मध्ये केंब्रिजला गेले ते जे. एन. टाटा शिष्यवृत्तीच्या आधारावर. आपल्या झेडपी शाळेतल्या मुलीनं बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी करत दुधाळ्याला शास्त्रज्ञ म्हणून परतणं ही अशक्य गोष्ट नाही. आयटीआय किंवा पदविका करून तंत्रज्ञ म्हणून उभं राहणं तर त्याहून जवळचं आहे. मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 रुपयांची. बीएस्सी म्हणजे काही न जमलेल्यांचा कोर्स, ही समजूत त्या घरांनी तरी सोडून द्यावी.

पालकांना एक विनंती. मुलीच्या शिष्यवृत्तीचं खातं तिच्या नावावर आणि पासबुक तिच्या हातात ठेवा. वर्गात 75 टक्के हजेरी लागते. लग्नसराईत, पेरणीत, काढणीत तिला घरी बोलावताना हे लक्षात असू द्या, कारण हजेरी खाली गेली तर पुढचा हप्ता थांबतो. आणि वर्षाच्या शेवटी एखादा विषय राहिलाच तर लगेच शिक्षण बंद करू नका. योजनेत सवलत आहे का ते कॉलेजात आणि हिंगोलीच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, लेखी उत्तर घ्या, मग पुढचं ठरवा.